शरीराचा हक्क आणि मनाची नियत

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने मानवाला सुंदर घडणीत निर्माण केले, आणि दरूद व सलाम असो त्याच्या अंतिम प्रेषितांवर (सल्ल.), ज्यांनी आपल्या अनुयायांना अंतःकरणाबरोबर देहाचीही निगा राखायला शिकविले.



आपल्या मराठीत एक म्हण थोडक्या शब्दांत फार मोठे सत्य सांगून जाते : कळते, पण वळत नाही. आरोग्याच्या बाबतीत ती आपल्या बहुतेक घरांना लागू पडते. मधुमेह असलेल्या माणसाने चहात साखर घेऊ नये, हे कोणाला ठाऊक नाही? तंबाखूच्या पुडीवरचे भयंकर चित्र डोळ्यांसमोर असतानाच माणूस ती पुडी फाडतो. रोज थोडे चालावे, रात्री उशिरा जड जेवू नये, रक्तदाबाची गोळी चुकवू नये, हे सांगायला आता डॉक्टरही लागत नाहीत. घरातले दहा वर्षांचे मूलही ते सांगते. तेव्हा उणीव माहितीची नाही. उणीव आहे ती आतल्या प्रेरणेची, जी कळलेली गोष्ट आचरणात उतरवते. ही प्रेरणा कोठे शोधावी, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

भीती का टिकत नाही?

आपल्यापैकी बरेच जण आरोग्याकडे वळतात ते भीतीमुळे. तपासणीचा अहवाल हाती येतो, डॉक्टर दोन कडक शब्द सुनावतात, किंवा मोहल्ल्यातील चाळिशीतला एखादा धडधाकट माणूस हृदयविकाराने एकाएकी जातो. कब्रस्तानातून परतताना प्रत्येक जण मनाशी ठरवतो की उद्यापासून चालायला जायचे. आठवडाभर तो जातोही. मग पाऊस लागतो, लग्नाच्या दावती सुरू होतात, दुकानात गर्दी वाढते आणि भीती पुराच्या पाण्यासारखी जशी आली तशी ओसरून जाते. काही जण चारचौघांत चांगले दिसावे म्हणून खाणे कमी करतात. निकाहाचा दिवस उलटला की तो उत्साह संपतो. काहींचे पथ्य घरच्यांच्या तगाद्यावर चालते. तगादा थांबला की पथ्यही थांबते. कायद्याची गतही वेगळी नाही. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. परंतु ज्याच्या मनाने बंदी स्वीकारली नाही, त्याचा हात आजही ती पुडी शोधून काढतो.

भीती, लोकलाज, तगादा आणि कायदा यांपैकी काहीच वाईट नाही. परंतु या सर्व प्रेरणा बाहेरून येतात आणि बाहेरची परिस्थिती बदलली की निघून जातात. ईमानधारक माणसाजवळ मात्र प्रेरणेचा आणखी एक झरा असतो. तो असतो त्याच्या स्वतःच्या नियतीत, म्हणजे अंतःकरणातील हेतूत. आपण त्या झऱ्यापर्यंत आरोग्याचा प्रश्न कधी नेलाच नाही, ही खरी अडचण आहे.

देहाचा मालक कोण?

'शरीर माझे आहे, मी त्याचे काय वाटेल ते करीन,' हे वाक्य आपण सहज बोलून जातो. इस्लामच्या दृष्टीने या वाक्याचा पहिला भागच चुकीचा आहे. हा देह आपण कमावलेला नाही, विकत घेतलेला नाही. तो अल्लाहने आपल्या हाती सोपविलेली अमानत आहे. शेजाऱ्याने हजला जाताना आपले दागिने तुमच्याकडे ठेवले, तर तुम्ही ते कसे जपाल? रात्री दोनदा उठून कुलूप तपासाल. मग ज्याने डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय तुमच्या स्वाधीन केले, त्याच्या अमानतीला एवढीही राखण नको काय?

पवित्र कुरआनने आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई केली आहे. खाण्या-पिण्याची मोकळीक दिली आहे, परंतु त्याच आदेशात अतिरेक करू नका, असेही बजावले आहे. तिर्मिजीतील एका हदीसनुसार कयामतच्या दिवशी दासाचे पाय जागेवरून हलणार नाहीत, जोपर्यंत त्याला काही गोष्टींचा जाब विचारला जात नाही : आयुष्य कशात घालविले, ज्ञानाचे काय केले, संपत्ती कोठून मिळविली व कोठे खर्च केली आणि शरीर कशात झिजविले. आयुष्य, ज्ञान व संपत्ती यांच्या हिशेबाविषयी आपण व्याख्याने ऐकतो. शरीराचा प्रश्न मात्र आपण जणू त्या यादीतून वगळलाच आहे.

या संदर्भात बुखारी शरीफमधील एक प्रसंग विचार करण्यासारखा आहे. प्रेषितांनी (सल्ल.) हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडले होते. सलमान (रजि.) भावाच्या घरी आले, तेव्हा घरच्या बाईंची अवस्था त्यांना उदास दिसली, अबू दर्दांना या जगातील कशातच रस उरला नाही, असे त्या म्हणाल्या. अबू दर्दा दिवसा रोजा ठेवत आणि रात्र नमाजेत घालवत. सलमान (रजि.) यांनी आग्रहाने त्यांना आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांनी भावाला समजाविले की तुझ्या पालनकर्त्याचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या देहाचा हक्क आहे आणि तुझ्या घरच्यांचाही हक्क आहे. ज्याचा हक्क त्याला दे. ही हकीकत प्रेषितांना (सल्ल.) समजली तेव्हा त्यांनी सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे ठरविले.

येथे थोडे थांबून विचार करा. अबू दर्दा (रजि.) देहाची हेळसांड करीत होते ती नफिल इबादतीसाठी. त्यांनाही ती सवलत मिळाली नाही. मग आपण मध्यरात्रीपर्यंत मोबाईल पाहत झोप मोडतो, चौकात बसून मावा चघळतो, दावतीत पोट तडस लागेपर्यंत भरतो. आपल्या हेळसांडीला कोणते समर्थन आहे?

रमजानची साक्ष

'मौलाना, पटते सगळे, पण माझ्याच्याने होत नाही,' असे अनेक बांधव सांगतात. त्यांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो : रमजानमध्ये कसे होते?

दिवसातून आठ वेळा चहा घेणारा माणूस सहरीनंतर तेरा-चौदा तास चहाचा घोट घेत नाही. ज्याच्या गालात सकाळपासून तंबाखू असते, तो मगरिबपर्यंत पुडीला हात लावत नाही. कडक उन्हाळ्यात घरात एकटा असतो, माठात गार पाणी असते, पाहणारा कोणी नसतो; तरीही तो पीत नाही. ही ताकद त्याच्यात कोठून येते? ना डॉक्टरांच्या धाकाने, ना कायद्याने. रात्री मनाशी केलेल्या एका नियतीने ती येते. माझा रब मला पाहतो आहे आणि हे मी त्याच्यासाठी सोडले आहे, या एका जाणिवेने.

म्हणजे ज्या प्रेरणेचा आपण शोध घेत आहोत, ती आपल्याजवळ आधीपासून आहे. दरवर्षी एक महिना आपण ती स्वतः अनुभवतो. शव्वालचा चंद्र दिसला की आपण ती जानमाजेच्या घडीत ठेवून देतो, एवढेच. रमजान सिद्ध करतो की आपली इच्छाशक्ती दुबळी नाही. आपण तिला उरलेले अकरा महिने कामाला लावत नाही. तंबाखूचे व्यसन हे शारीरिकही असते, हे मान्य. त्यासाठी वैद्यकीय मदत घेण्यात संकोच नसावा. अनेक जिल्हा रुग्णालयांत तंबाखू सोडविण्यासाठी समुपदेशन मिळते. परंतु रुग्णालयाच्या दारापर्यंत पाय नेण्याचे काम नियतीलाच करावे लागते.

आपली नियत आपणच शोधावी

'आरोग्य चांगले असावे' ही नियत नव्हे. ती नुसती इच्छा आहे. नियत नेमकी असते. आपण जोहरची नमाज अदा करताना ती जोहरचीच म्हणून उभे राहतो. तसेच येथेही हवे. एखाद्या दिवशी फजरनंतर दहा मिनिटे शांत बसून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : माझी कोणती इबादत या शरीरावर अवलंबून आहे? आपल्या मशिदींत मागच्या बाजूला खुर्च्या वाढत चालल्या आहेत. ज्याला जमिनीवर बसता येत नाही, त्याला शरीअतने दिलेली ती सवलत आहे आणि तिच्याविषयी कोणी नाक मुरडू नये. परंतु ज्याचे गुडघे आज ठीक आहेत, त्याने सज्द्यात जमिनीला टेकलेल्या आपल्या कपाळाची किंमत ओळखावी. हजचेच पाहा. आपल्याकडे कित्येक जण आयुष्यभर पै-पै साठवून उतारवयात हजला जातात. सफा ते मरवा हे अंतर सुमारे ४५० मीटर आहे. सईच्या ७ फेऱ्या मिळून तीन किलोमीटरांहून अधिक चालणे होते. त्याखेरीज तवाफ, मिना, अरफात आणि जमरात. चाकाच्या खुर्चीवरूनही हज अदा होतो, हे खरे. पण ज्याला स्वतःच्या पायांनी त्या भूमीवर चालण्याची तळमळ आहे, त्याने हजसाठी पैसे साठवताना पायही साठवावेत. रोजची संध्याकाळची फेरी ही त्याच्या हजची तयारी आहे.

दुसरा प्रश्न : माझ्या आरोग्यावर कोणाचे हक्क टांगलेले आहेत? घरातील कमावता माणूस पक्षाघाताने अंथरुणाला खिळला, तर थोरल्या मुलाचे शिक्षण सुटते, मुलीचे लग्न लांबते, पत्नी कर्जासाठी दारोदार फिरते. 'माझे मी बघून घेईन' असे म्हणणारा माणूस त्या वेळी काहीच बघू शकत नाही. बघावे लागते ते इतरांना. म्हणून रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणे हे स्वतःचे लाड नव्हेत, ती मुलांच्या हक्कांची अदायगी आहे. उच्च रक्तदाब पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखविता आत नुकसान करीत राहतो. 'आता बरे वाटते' म्हणून मनानेच गोळी बंद करणे हे राखणदाराने चोर दिसत नाही म्हणून झोपी जाण्यासारखे आहे.

तिसरा प्रश्न : त्या दिवशी, त्या न्यायालयात, मी काय उत्तर देईन? जे उत्तर तेथे देताना जीभ अडखळेल, नेमकी तीच सवय आज आधी सोडायची आहे.

या तीन प्रश्नांतून प्रत्येकाला आपली स्वतःची नियत सापडेल. एखाद्याची असेल, आईला वुजूला उठताना हात देता यावा. एखाद्याची, नातवाला कुरआन शिकविण्याइतकी दृष्टी टिकावी. दुसऱ्याची नियत उसनी घेऊन कोणाचे पाय चालत नाहीत.

तकदीरचा आडोसा

काही बांधव म्हणतात, 'मृत्यूची वेळ ठरलेली आहे, मग पथ्याने काय होणार?' वेळ ठरलेली आहे, हे आपल्या ईमानाचा भाग आहे. परंतु तकदीरवर ज्यांचे ईमान आपल्यापेक्षा कितीतरी भक्कम होते, ते कसे वागले, तेही पाहावे. हजरत उमर (रजि.) सीरियाच्या वाटेवर सरग येथे पोहोचले असता पुढे साथ पसरल्याची वार्ता आली. विचारविनिमय करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांनी उत्तर दिले की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. एखाद्याचे उंट हिरव्या कुरणात चरले काय किंवा उजाड माळावर चरले काय, दोन्ही तकदीरच. पण शहाणा गुराखी हिरवे कुरण निवडतो. पुढे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषितांचा (सल्ल.) आदेशही असाच असल्याचे सांगितले, तेव्हा उमर (रजि.) यांनी अल्लाहचे आभार मानले.

उंट बांधा आणि मग भरवसा ठेवा, हीच प्रेषितांची (सल्ल.) शिकवण आहे. आजारावर इलाज करून घेण्यासही त्यांनी सांगितले. तकदीर हे आळसाचे नाव नव्हे. स्वतः प्रेषित (सल्ल.) आपल्या दुआमध्ये असमर्थता व आळस यांपासून अल्लाहचा आश्रय मागत असत.

थोडे, पण सातत्याने

नियत ठरली की एकदम डोंगर उचलायला जाऊ नये. हजरत आयेशा (रजि.) यांच्या हदीसनुसार अल्लाहला सर्वांत प्रिय ते कर्म, जे सातत्याने केले जाते, मग ते थोडे का असेना. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करण्यास सांगते. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास. मशीद दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असेल आणि आपण फजरला दुचाकी घरी ठेवून भरभर चालत गेलो-आलो, तर हा हिशेब बराचसा येथेच पूर्ण होतो. शिवाय मशिदीकडे टाकलेल्या पावलांचे पुण्य वेगळेच.

जेवणाविषयी प्रेषितांनी (सल्ल.) दिलेले माप आजही कोणाला सुधारता आलेले नाही : पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी. इफ्तारचा दस्तरखान भज्यांनी व गोड सरबतांनी भरण्यापूर्वी हे माप आठवावे. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी रमजान येण्याच्या एक-दोन महिने आधीच डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात आणि मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी रोजा धोक्याचा ठरविला, तर कुरआनने आजाऱ्याला दिलेली सवलत मनापासून स्वीकारावी. देणाऱ्याची सवलत नाकारणे ही धार्मिकता नव्हे.

घरातील भगिनींविषयी

आपल्या घरांत सर्वांत शेवटी जेवते, सर्वांत शेवटी झोपते आणि दुखणे सर्वांत उशिरा सांगते ती घरची स्त्री. सर्वांना वाढून झाल्यावर भांड्यात उरेल ते तिचे. अंगातील रक्त कमी झाल्याने चक्कर येते, तरी 'थोडे थकल्यासारखे झाले' म्हणून ती पदर खोचते. मिसरीची सवय लपवत वर्षे काढते. भगिनींनो, त्याग ही मोठी नेकी आहे; परंतु अमानतीची हेळसांड हा त्याग नव्हे. तुमच्या देहाचाही तुमच्यावर हक्क आहे. आणि पुरुष बांधवांनो, प्रेषितांनी (सल्ल.) प्रत्येकाला त्याच्या कळपाचा राखणदार म्हटले आहे. स्वतःच्या तपासणीला जाताना पत्नीला व आईलाही बरोबर न्या. प्रेषितांनी (सल्ल.) प्रवासात हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हदीस अबू दाऊदमध्ये आहे, एकदा त्या जिंकल्या, तर काही काळाने प्रेषित (सल्ल.) जिंकले. पत्नीबरोबर संध्याकाळी चालायला निघण्यास लाजणाऱ्यांनी ही सुन्नत आठवावी.

जे आज आजारी आहेत

शेवटी एक गोष्ट अतिशय काळजीपूर्वक सांगायची आहे. प्रत्येक आजार हा हेळसांडीचा परिणाम नसतो. हजरत अय्यूब (अलै.) यांच्यासारखे थोर पैगंबरही दीर्घ दुखण्यातून गेले. म्हणून रुग्णाच्या उशाशी बसून 'तू काळजी घेतली नाहीस' असा हिशेब मांडणे हे आपले काम नव्हे. तेथे धीर द्यावा आणि दुआ करावी. प्रेषितांनी (सल्ल.) सामर्थ्यवान ईमानधारकाला दुर्बलापेक्षा श्रेष्ठ व अल्लाहला अधिक प्रिय म्हटले, परंतु त्याच हदीसमध्ये दोघांतही भलाई असल्याचे सांगितले. दास आजारी पडला तर धडधाकट असताना तो जी सत्कर्मे करीत असे, त्यांचे पुण्य त्याच्या नावे लिहिले जात राहते, ही बुखारी शरीफमधील शुभवार्ता आहे. या शुभवार्तेत निरोग्यांसाठीही एक संदेश दडलेला आहे : आजाराच्या दिवसांत जे लिहिले जावे असे वाटते, ते आज, अंगात बळ आहे तोवर, करून ठेवा.

प्रेषितांनी (सल्ल.) म्हटले आहे की आरोग्य आणि सवड या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक तोट्यात राहतात. व्यापाऱ्याला तोटा उशिरा कळला, तर पुढच्या हंगामात भरून काढता येतो. या सौद्यात पुढचा हंगाम मिळेलच, याची हमी कोणाजवळ नाही. म्हणून आज इशाच्या नमाजेनंतर झोपण्यापूर्वी, जशी रोज्याची नियत करता तशीच, उद्याच्या दिवसासाठी एका गोष्टीची नियत करा. एकाच गोष्टीची, पण अल्लाहसाठी.

हे अल्लाह, आमच्या देहाला, आमच्या कानांना व डोळ्यांना आफियत दे. जे आजारी आहेत त्यांना शिफा दे, जे निरोगी आहेत त्यांना या देणगीची कदर करण्याची बुद्धी दे आणि तू सोपविलेली अमानत आम्हाला निष्कलंक मनाने तुझ्याकडे परत करता येवो. आमीन.